दरवर्षी येणारा एकवेळचा खर्च

ऑस्ट्रेलियातील मोठ्या आणि स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या बँकेला वर्षाकाठी एकच नफा होत नाही. पहिला नफा कायद्याने मांडावा लागतो आणि लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो. त्याला वैधानिक नफा म्हणतात आणि निकालपत्रात त्याची जागा सहसा दुसऱ्या रांगेत असते. दुसरा नफा बँक स्वतःच्या रीतीने काढते आणि त्याला 'रोख नफा' असे नाव देते, मात्र हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेली रोकड नव्हे, असा खुलासा त्याच दस्तऐवजाच्या शेवटी बारीक टायपात केलेला असतो. या दोहोंच्या वर तिसरा नफा असतो, 'उल्लेखनीय बाबी वगळून रोख नफा', आणि वर्षभरात बँकेला जे काही वाईट घडले असेल ते या आकड्यापर्यंत पोहोचत नसल्यामुळे अर्थपानावरच्या मथळ्याचा मान बहुधा त्यालाच मिळतो.

ज्या खर्चाचा नफ्यात उल्लेख करायचा नसतो, त्याला उल्लेखनीय बाब म्हणतात. तिच्यात काय काय मोडते हे पाहिले, तर बँकिंग व्यवसायाचे बरेचसे स्वरूप तिथेच सापडते: ग्राहकांकडून चुकीने घेतलेले शुल्क परत करण्याचा खर्च, नियामकाने ठोठावलेला दंड, कर्मचारी कमी करताना द्यावी लागणारी रक्कम, काही वर्षांपूर्वी क्रांतिकारक म्हणून विकत घेतलेल्या आणि आता निकामी ठरलेल्या संगणकप्रणालीचे पुसून टाकलेले मूल्य, आणि परदेशातला एखादा व्यवसाय विकताना झालेला तोटा. त्या व्यवसायात शिरताना मात्र तो उल्लेखनीय वगैरे नव्हता. तेव्हा त्याला दूरदृष्टी म्हटले गेले होते आणि त्या दूरदृष्टीबद्दल संबंधितांना मोबदलाही मिळाला होता. शिरताना धोरण आणि निघताना अपवाद, असा हा प्रवास असतो.

हे सर्व खर्च एकवेळचे आहेत, असे बँकेचे म्हणणे असते आणि प्रत्येक खर्च सुटा पाहिला तर ते खरेही आहे, कारण कोणताही विशिष्ट दंड दोनदा भरावा लागत नाही. अडचण एवढीच की एक एकवेळचा खर्च गेला की दुसरा एकवेळचा खर्च येतो, त्यामागून तिसरा येतो, आणि दहा वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले की बँकेच्या उत्पन्नाच्या बाबी बदललेल्या दिसतात, पण या पाहुण्याचा मुक्काम हललेला दिसत नाही. दीड दिवसाचा गणपतीही दीडच दिवस राहतो, परंतु कोकणातले कोणतेही घर त्याच्या मोदकांचा आणि मखराचा खर्च 'यंदा अचानक उद्भवलेली बाब' म्हणून मांडत नाही. श्रावण लागला की पैसे बाजूला काढले जातात. शेकडो अर्थतज्ज्ञ पदरी असलेल्या बँकेला मात्र आपल्याला दंड होऊ शकतो, ही गोष्ट दरवर्षी नव्याने कळते.

या बाबतीत नियामकाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. लेखामानकांच्या बाहेर जाऊन काढलेल्या नफ्याचा गाजावाजा कंपन्यांनी कितपत करावा, याविषयी २०११ च्या डिसेंबरात मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि जे खर्च पूर्वी झालेले आहेत किंवा पुढेही होण्याची शक्यता आहे त्यांना 'एकवेळचे' म्हणू नये, असे त्यांत स्पष्टपणे सांगितले गेले. सूचना रास्त होती. मोठ्या उद्योगांनी तिचे पालनही केले, म्हणजे खर्च नफ्यात परत आणण्याऐवजी त्याचे नाव बदलले: एकवेळच्या खर्चाच्या जागी उल्लेखनीय बाबी, मोठ्या बाबी, महत्त्वाच्या बाबी असे शब्द आले आणि रकाना होता तिथेच राहिला.

आता हीच लेखापद्धती ग्राहकाने वापरायची ठरवली तर काय होईल, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल. सिडनीच्या पश्चिमेकडील उपनगरात राहणारे एखादे मराठी कुटुंब गृहकर्जासाठी बँकेत जाते आणि आपले 'उल्लेखनीय बाबी वगळून घरगुती उत्पन्न' सादर करते. गेल्या वर्षी छप्पर गळले, ते वगळले आहे, कारण तेच छप्पर पुन्हा त्याच जागी गळणार नाही. मुलीच्या दातांच्या तारा वगळल्या आहेत, कारण त्या एकदाच बसवायच्या असतात. धाकट्याच्या तारा पुढच्या वर्षी आहेत, पण तो धाकटा आहे, मुलगी नव्हे, म्हणजे ती स्वतंत्र बाब झाली. आईवडिलांच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी माणशी चाळीस हजार डॉलरांहून अधिक शुल्क भरले, तेही वगळले आहे, कारण आईवडील प्रत्येकाला एकदाच असतात. डिसेंबरातली पुण्याची वारी, चार तिकिटे आणि नातलगांसाठी नेलेल्या वस्तूंसह, एकवेळची म्हणून वगळली आहे, कारण वर्षातून ती एकदाच होते. हे सारे बाजूला काढल्यावर कुटुंबाचे उत्पन्न सुदृढ असून त्यात वार्षिक वाढही दिसते आणि कुटुंबप्रमुखाने या कामगिरीबद्दल स्वतःला एक मोटार बक्षीस देण्याचे ठरवले आहे, असे निवेदन जोडलेले असते. बँकेतला कर्ज अधिकारी हे वाचून काय करील? तो तीन महिन्यांची खातेपत्रके मागेल, बाहेरच्या जेवणांवर खूण करील, कुटुंबाने सांगितलेला खर्च फार कमी वाटला तर घरखर्चाचा जो प्रमाणित निर्देशांक बँका वापरतात तो त्याच्या जागी बसवील, आणि त्यानंतर, २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार, कर्जाच्या प्रत्यक्ष व्याजदरात आणखी तीन टक्के मिळवून, तेवढा वाढीव हप्ता या कुटुंबाला झेपेल का, हे तपासील. नियम शहाणपणाचा आहे. जे वाईट अजून घडलेले नाही तेही ग्राहकाने हिशेबात धरले पाहिजे, असे तो सांगतो. बँकेला स्वतःपुरते मात्र जे वाईट घडून गेले आहे तेही हिशेबाबाहेर ठेवण्याची मुभा आहे.

यात सर्वांत संतापजनक प्रकार शाखा बंद करण्याच्या हिशेबाचा आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शाखा बंद होते तेव्हा कर्मचाऱ्यांना द्यायची रक्कम, भाडेकरार मोडल्याची भरपाई आणि फर्निचरचे पुसलेले मूल्य हे सारे पुनर्रचना खर्च या नावाखाली उल्लेखनीय बाबींत टाकता येते, म्हणजे ते मथळ्याच्या नफ्यातून जात नाही. त्या कर्मचाऱ्यांचा वाचलेला पगार मात्र पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आणि त्यानंतरही कायम त्याच नफ्यात कार्यक्षमता म्हणून मोजला जातो. दुखणे वगळायचे आणि औषधाचा गुण तेवढा मोजायचा, अशी ही रीत असून तिला कोणी लबाडी म्हणत नाही, कारण प्रत्येक आकडा तळटिपेत दिलेला असतो. २०१७ ते २०२३ या काळात देशातील एक तृतीयांशाहून अधिक बँकशाखा बंद झाल्या. ज्या गहू पिकवणाऱ्या गावातली शेवटची शाखा गेली, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला भ्रमणध्वनीवरचे ॲप वापरण्याचा सल्ला दिला जातो, आणि ज्या गावात नेटवर्क धडपणे येत नाही तिथेही दिला जातो. तिथला दुकानदार दिवसाचा गल्ला मोटारीत घालून शेजारच्या शहरापर्यंत नेतो. त्याचे पेट्रोल, त्याचा वेळ आणि वाटेतली जोखीम कोणत्याही अहवालाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. संसदेच्या चौकशीने २०२४ च्या मे महिन्यात याविषयी सविस्तर अहवाल दिला, २०२५ च्या आरंभी मोठ्या बँकांनी प्रादेशिक शाखा २०२७ च्या मध्यापर्यंत बंद न करण्याचे मान्य केले, आणि ज्या गावांत बंद करायला शाखाच उरलेली नाही त्यांना या आश्वासनाचा लाभ कसा मिळणार, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

बँकांच्या गैरवर्तनाच्या चौकशीसाठी डिसेंबर २०१७ मध्ये नेमलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ७६ शिफारशींसह अंतिम अहवाल देणाऱ्या शाही आयोगाची आठवण इथे टाळता येत नाही. कोणतीही सेवा न देता सल्ल्याचे शुल्क घेतले गेल्याचे आणि काही ठिकाणी मृत ग्राहकांच्या खात्यांतूनही ते कापले जात राहिल्याचे या आयोगासमोरच्या सुनावण्यांत उघड झाले. मेलेल्या माणसाला गुंतवणुकीचा कोणता सल्ला द्यायचा, हा प्रश्न त्या वेळी विनोदाने विचारला गेला. तो विनोदाचा नव्हता. शुल्क कापले जात होते तेव्हा ती रक्कम नियमित उत्पन्नात, म्हणजे मथळ्याच्या नफ्यात मोजली गेली होती. ती परत करण्याची वेळ आली तेव्हा तीच रक्कम उल्लेखनीय झाली. घेताना नित्य आणि देताना नैमित्तिक, हे कोणत्या लेखाशास्त्रात बसते?

भागधारक मात्र यावर फारसा रागावत नाही आणि त्याचे कारण लाभांशात आहे. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून अशी करव्यवस्था आहे की कंपनीने नफ्यावर भरलेला कर भागधारकाच्या नावे जमा धरला जातो. मोठ्या कंपनीने शंभर डॉलर नफ्यावर तीस डॉलर कर भरून सत्तर डॉलर लाभांश दिला, तर त्या सत्तरांबरोबर तीस डॉलरचे फ्रँकिंग क्रेडिट येते, आणि २००० पासून ज्या भागधारकाला स्वतःचा काही करच देणे नाही त्याला ते तीस डॉलर सरकारकडून रोखीने परत मिळतात. निवृत्त माणसाच्या वर्षाच्या गणितात ही रक्कम इतकी पक्की बसलेली आहे की २०१९ च्या निवडणुकीपूर्वी हा परतावा बंद करण्याची सूचना पुढे येताच सभागृहे भरून गेली होती. एवढी गर्दी मृतांच्या शुल्कासाठी जमल्याचे दिसले नाही. परदेशात भरलेल्या करावर हे क्रेडिट मिळत नसल्यामुळे भागधारकाला बँकेचे आंतरराष्ट्रीयत्व अहवालातल्या नकाशावर बघायला आवडते आणि नफा मात्र घरच्या गृहकर्जांतूनच आलेला हवा असतो. नफा पुरेसा वाढला नाही तर समभागांची पुनर्खरेदी असतेच; बँक आपलेच समभाग बाजारातून विकत घेऊन रद्द करते, वाटेकरी कमी होतात आणि एक डॉलरही जास्त न कमावता प्रत्येक समभागामागचा नफा वाढतो.

हा भागधारक कोण, हे शोधत गेले की मामला आणखी गमतीचा होतो. मालकाने प्रत्येक नोकरदाराच्या निवृत्तिनिधीत, म्हणजे इकडच्या बोलीत 'सुपर'मध्ये, वेतनाचा ठरावीक हिस्सा भरण्याची सक्ती १९९२ मध्ये सुरू झाली आणि जुलै २०२५ पासून तो हिस्सा बारा टक्के झाला आहे. या निधींच्या गुंतवणुकीत देशातल्या मोठ्या बँकांचे समभाग हटकून असतात. त्यामुळे ज्या परिचारिकेकडून बँकेने चुकीचे शुल्क घेतले, तीच सुपरमार्फत बँकेची अंशतः मालकीणही असते. शुल्क घेतले गेले तेव्हा तिचा लाभांश कणभर वाढला, तिला भरपाई मिळाली तेव्हा तो कणभर घटला, आणि बँकेला दंड झाला तेव्हा तोही तिच्याच निधीतून भरला गेला. लुबाडलेली तीच, नफेखोर तीच आणि शिक्षा झालेलीही तीच. ज्यांनी ते शुल्क आकारण्याची योजना आखली ते या वर्तुळात कुठेच सापडत नाहीत, कारण त्यांचा वार्षिक बोनस ज्या निकषांवर ठरतो त्यांत रोख नफा असतो आणि त्या नफ्यातून कोणत्या बाबी वगळायच्या, यावर संचालक मंडळाला विवेकाधिकार असतो.

यावर भागधारकांच्या हाती एक शस्त्र आहे. २०११ पासून लागू झालेल्या नियमानुसार वार्षिक सर्वसाधारण सभेत वेतन अहवालाच्या विरोधात सलग दोन वर्षे पंचवीस टक्के किंवा त्याहून अधिक मते पडली, तर व्यवस्थापकीय संचालक सोडून बाकीच्या संचालक मंडळाने पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे की नाही, यावर मतदान घ्यावे लागते, आणि त्या मतदानात मात्र निम्म्याहून अधिक मते लागतात. पहिल्या वर्षीच्या मताला एरवी बंधनकारक परिणाम नसतो. तेवढा विरोध झाल्यावर अध्यक्ष भागधारकांचे म्हणणे ऐकून घेतल्याचे सांगतात, बाहेरचे वेतनतज्ज्ञ सल्लागार नेमले जातात, हे सल्लागार निकषांची फेररचना सुचवतात, आणि त्यांचे शुल्क नफ्यातून वजा झाले की वगळलेल्या बाबींत गेले, हे पुढच्या वर्षीच्या तळटिपांत ज्याचे त्याने शोधायचे असते.