भोपळ्याची मिरवणूक

सगळे सामने जिंकणं अवघड, हे कुणालाही पटतं. सगळे हरणंही तितकंच अवघड असतं, याची मात्र कुणी दखल घेत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये सोळा सामन्यांच्या हंगामात हे जमलेले संघ दोनच: २००८चा डेट्रॉइट लायन्स आणि २०१७चा क्लीव्हलँड ब्राउन्स. गंमत म्हणजे हंगामाआधीचे चारही सराव सामने दोघांनी जिंकले होते. बहुधा पुण्याई तिथेच संपली.

माझा जीव जडला तो ब्राउन्सवर. एरी सरोवराकाठच्या या संघाने हरण्यात कसली म्हणून कसर ठेवली नाही. ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध शेवटच्या सत्रात २१-७ अशी आघाडी होती. जादा वेळेत २७-२१ असे हरले. वर्षाच्या अखेरच्या दिवशी पिट्सबर्गमध्ये चार गुण मागे असताना शेवटच्या आशेचा चेंडू गड्याच्या हातात आला आणि निसटला. नुसत्या वाईट संघाला हे जमत नाही. घास ओठांपर्यंत आणावा लागतो.

या संघात जो थॉमस नावाचा एक भला मोठा गडी होता. दहा वर्षांहून अधिक काळ, सलग १०,३६३ डावांत तो मैदानावर उभा राहिला, एकदाही बाहेर बसला नाही. त्या ऑक्टोबरात दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. इतक्या वर्षांत बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. विजेत्यांच्या चिकाटीचं कौतुक सगळेच करतात. मला विचाराल तर खरी चिकाटी ही.

प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांची कथा आणखी न्यारी. २०१६मध्ये ते एक जिंकून पंधरा हरले होते. पुन्हा असं होणार नाही, झालं तर सरोवरात उडी मारीन, असं ते बोलून गेले. आणि तसं झालं नाहीच! एकही न जिंकता सोळा हरले. एखाद्या बऱ्या वकिलाने त्यांना सहज सोडवलं असतं. पण गृहस्थ शब्दाचे पक्के. जून २०१८मध्ये धर्मादाय कामासाठी निधी गोळा करून ते सरोवरात उतरले.

चाहते त्यांच्याही वरताण निघाले. अजिंक्यपदाची मिरवणूक नशिबात नाही, तर भोपळ्याचीच काढू, असं त्यांनी २०१६मध्येच ठरवलं होतं. ऐन नाताळच्या आदल्या दिवशी संघाने सॅन डिएगोला २०-१७ असं हरवलं आणि बेत फिसकटला. विजयामुळे मिरवणूक रद्द झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. पुढच्या हंगामाने मात्र निराश केलं नाही. ६ जानेवारी २०१८ रोजी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हजारो माणसं स्टेडियमभोवती फिरली. वरून पाहिलं तर मोठं शून्य दिसावं, अशी योजना. काही जण थडग्यांचे दगड घेऊन आले होते. गरजूंच्या अन्नासाठी देणग्याही जमल्या. काही खेळाडूंना ही थट्टा झोंबली, आणि त्यांचं दुखणं मला कळतं. पण ज्याला संघ सोडून द्यायचा असतो तो घरात हीटरजवळ बसतो. बर्फात शून्य काढायला येत नाही.

अमेरिकेचा न्यायही अजब आहे. तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या वर्षी कॉलेजांतले नवे खेळाडू निवडायचा पहिला मान मिळतो. बारावीला शेवटच्या आलेल्याला इंजिनिअरिंगची पहिली सीट दिली, तर आपल्याकडे मोर्चे निघतील. ब्राउन्सनी या मानावर बेकर मेफील्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा गडी, घेतला आणि त्याला राखीव बाकावर बसवलं.

२०१८चा हंगाम सुरू होताना एका बीअर कंपनीने शहरात साखळदंड लावलेले फ्रीज ठेवले: पहिला विजय मिळताच कुलपं उघडणार आणि बीअर फुकट. पहिला सामना झाला, आणि ब्राउन्स हरले नाहीत! २१-२१, बरोबरी. पण बरोबरीला बीअर नव्हती. दुसरा सामना हरून त्यांनी कोरडेपणा आणखी लांबवला. २० सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध १४-० असे मागे पडल्यावर, पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून, मेफील्डला मैदानात उतरवलं. ब्राउन्स २१-१७ जिंकले, कुलपं उघडली.

पुढचा सामना ओकलंडमध्ये होता. जादा वेळेत ४५-४२ असे हरले, म्हणजे प्रकृती सुधारली.