‘टक्’ : बोटीत पेट्रोल भरणाऱ्या नवशिक्यांसाठी

साहित्य : 22 फुटी सेकंडहँड बोट एक, मेरीलँडमधल्या मरिनाचा पेट्रोल पंप एक, जुलैतली शनिवारची सकाळ आणि मागे ताटकळणाऱ्या चार बोटी. शेवटचा जिन्नस नसला तरी प्रयोग होतो, पण रंगत नाही.

प्रथम भोक शोधा. हसू नका. बोटीच्या काठावर भोकं बरीच असतात. एक पेट्रोलचं, एखादं पाण्याच्या टाकीचं आणि दोन-चार मासेमारीच्या काठ्या उभ्या करायची. काठीच्या भोकात पेट्रोल ओतणारे महाभाग खरोखर असतात. तिथे ते जराही अडत नाही, सुसाट जातं आणि पुष्कळदा थेट बोटीच्या तळाशी पोचतं. तेव्हा पहिल्याच वेळी पेट्रोल फारच सुरळीत जाऊ लागलं, तर आधी थांबा.

योग्य भोकात नोझल घालून खटका दाबा. टक्. पुन्हा दाबा. टक्. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहताना त्यातून हवा ओढली जाते. पेट्रोल उसळून त्या छिद्रावर आलं की हवा तुटते, आतला पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. टाकी किती भरली याच्याशी नोझलला काही देणंघेणं नाही. तोंडाशी पेट्रोल आलं, एवढंच त्याला समजतं.

आता पंपाला दोष द्या. हा विधी चुकवू नये. मग नोझल उलटं फिरवा, थोडं बाहेर ओढा, खटका अर्धाच दाबा. बारीक धारेने पेट्रोल जाऊ लागेल. 200 लिटरची टाकी अशी भरेपर्यंत मागच्या मंडळींना तुमच्या बोटीचं नाव पाठ होतं, आणि ते ती कोणत्या विशेषणांसह घेतात हे पाण्यावरून स्पष्ट ऐकू येतं.

हे सगळं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. भरायच्या नळीला मुरड पडलेली असू शकते, ती पाहून घ्या. पण बहुतेक वेळा गुन्हेगार दुसरीकडे असतो. कळशी विहिरीत बुडवताना ती बुडबुडत का भरते, आठवा. पेट्रोल आत यायचं तर टाकीतल्या हवेने बाहेर पडायला हवं. तिच्यासाठी व्हेंटची वेगळी नळी असते. भरायची नळी साधारण 38 मिलिमीटरची, तर ही जेमतेम 16 मिलिमीटरची. ही बोटीच्या बाजूला एका छोट्या तोटीपाशी संपते. तोटीला बारीक जाळी असते आणि हिवाळाभर झाकून ठेवलेल्या बोटीत तिच्याकडे माणसांपेक्षा किड्यांचं लक्ष अधिक. कुंभारीण मातीचं घर बांधते, कोळी जाळं विणतो. कोळ्याला कमी लेखू नका. 2011 साली माझदा कंपनीने अमेरिकेत पन्नास हजारांवर मोटारी परत बोलावल्या त्या पेट्रोलच्या वाफेच्या नळीत एका जातीचा कोळी जाळी विणतो म्हणून. तोटी काढा, तारेने साफ करा, जाळी फाटली असेल तर बदला.

तोटी स्वच्छ निघाली, तर बोटीच्या पोटात शिरा. त्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या आणि सिगारेट धक्क्यावर ठेवा, शक्यतो तिच्या मालकासकट. व्हेंटच्या नळीने टाकीपासून तोटीपर्यंत चढतच जायला हवं. सेकंडहँड बोटीत ती मधेच झोळ खाते. मागल्या खेपेला काठोकाठ भरलेलं पेट्रोल त्या झोळात साचून बसतं, आणि हवेला त्यातून बुडबुडत वाट काढावी लागते. दोन पट्ट्यांनी नळी वर बांधली की बऱ्याच बोटी एका दुपारीत सुधारतात. नळीत फुंकर मारून पाहायची असेल, तर ती दोन्ही टोकांनी सोडवूनच. काँप्रेसरची हवा टाकीत मुळीच सोडू नका. टाकीची गळतीचाचणी 3 पीएसआयवर होते. मोटारीच्या चाकात त्याच्या दसपट दाब असतो.

2011 च्या मध्यापासून अमेरिकेत बनलेल्या लहान बोटींत व्हेंटच्या वाटेवर बहुधा कोळशाचा डबा किंवा दाबाची झडप असते. वाफा हवेत जाऊ नयेत म्हणून हा नियम. डब्यात पातळ पेट्रोल शिरलं की कोळसा निकामी होतो आणि मग पुढची प्रत्येक खेप टक्-टक् करत भरते. ‘अजून थोडं बसेल’ म्हणणारे हात हा डबा मारतात. शिवाय पेट्रोल तापलं की फुगतं. 200 लिटर थंड पेट्रोल 15 अंशांनी तापलं, तर जवळपास तीन लिटरने वाढतं आणि त्याचा रंगीत तवंग पाण्यावर तुमच्या नावाने पसरतो. नव्वद टक्क्यांवर हात आखडता घ्या.

भरून झालं की इंजिनाच्या कप्प्यातला ब्लोअर निदान चार मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी जाऊन बसते. नाकाने तळ हुंगून घ्या, मगच किल्ली फिरवा. रांगेतून कितीही शिव्या आल्या तरी चारची तीन करू नका.

आणि तोटी साफ, झोळ काढलेला, डबा नवा, तरीही टक्? मग काट्यावर विसंबू नका. बोटीचा काटा लाटेबरोबर मत बदलतो. टाकी भरलेली असेल.