नाट्यपंढरीचा हंगाम

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या नाट्यपंढरीत ५ नोव्हेंबरचा रंगभूमिदिन जवळ आला, की नटराजपूजनाची सिद्धता, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी आणि दिवाळी पहाटेच्या मैफली यांना असा काही बहर येतो, की प्रेक्षक नामक घटकाची तजवीज करण्यास मात्र कोणासच फुरसत उरत नाही. पात्रनिवडीच्या जाहिरातीत ‘नवोदितांस संधी’ ही अक्षरे कितीही ठळक छापलेली असली, तरी नायकाची भूमिका कार्यवाहांच्या घराण्यात इनामासारखी वंशपरंपरेने मुक्रर झालेली असते. नवोदितांच्या वाट्यास भालदार, चोपदार आणि तिकिटे खपविण्याची जोखीम येते. मैफलीत प्रमुख पाहुण्यांचा सत्कारच विलंबित लयीत इतका रंगतो, की गवयास थेट भैरवीच आळवावी लागते. तथापि रसिकांनी हताश होण्याचे प्रयोजन नाही : प्रत्येक प्रयोगास नटांचे आप्तेष्ट, प्रतिस्पर्धी संस्थेचे हेर आणि परीक्षक हे जातीने हजर असतात, आणि त्यांपैकी परीक्षकांना तर अखेरपर्यंत बसण्याबद्दल मानधनही मिळते.