उलट्या दिशेचे काका

साधारण २००१ ते २००८ या काळात प्रत्येक मराठी सोसायटीत एक कॅमेरावाले काका असत. दारावर तशी पाटी नसे, पण वॉचमनला विचारलं की तो न बोलता तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवी. मुंज, बारसं, गणपतीचं विसर्जन, ज्येष्ठ नागरिक संघाची अलिबाग सहल, काही असो, काका हँडीकॅम घेऊन हजर. ‘इकडे बघा’ असं ते कधी म्हणत नसत. ‘इकडे बघू नका, नॅचरल राहा’ असं म्हणत. त्यामुळे त्या काळच्या सगळ्या फिल्ममध्ये माणसं एकमेकांकडे बघून उगाच हसताना दिसतात.

काका बहुधा बँकेतले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा लाखभर कर्मचारी बाहेर पडले आणि त्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा एकरकमी पैसा आला. कुणी मुलीचं लग्न केलं, कुणी चारधाम. काकांनी निम्मे पैसे फिक्स्ड डिपॉझिटमध्ये टाकले आणि उरलेल्यातून पेंटियम फोर आणि मिनीडीव्ही कॅमेरा घेतला. कॅमेरा इथे नाही घेतला, लंडनच्या जावयाकडून मागवला. ‘इथल्यापेक्षा बराच स्वस्त पडला,’ हे वाक्य काका कॅमेऱ्याचं झाकण काढायच्या आधी म्हणत. ते लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडणार आहे.

नुसतं शूटिंग करणारे काका पुष्कळ होते. शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून घेणारे त्याहून कमी. आपले काका या दोघांच्याही पुढचे. ते कॉम्प्युटरवर कापून-जोडून तयार केलेली फिल्म परत कॅमेऱ्यात, टेपवर पाठवू पाहत. सगळ्या जगाची वाहतूक टेपकडून कॉम्प्युटरकडे चाललेली असताना हे एकटे उलट्या दिशेने निघालेले.

ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हिशेब बँकेतल्या माणसाचा होता. डीव्हीचं एका तासाचं चित्रण म्हणजे जवळजवळ १३ जीबी. घरातली हार्डडिस्क ४० जीबीची. नातवाची मुंज तीन तासांची, म्हणजे मातृभोजनापर्यंतच डिस्क भरून वाहणार. व्हीसीडी करावी तर चित्राचा चुथडा. टेपवर परत पाठवलं तर मात्र डिजिटलचं डिजिटल, आकडे जसेच्या तसे, दर्जा तसूभरही घटत नाही. एका कॅसेटमध्ये ६० मिनिटं, आणि अशा दहा कॅसेटी बिस्किटांच्या डब्यात मावतात. शिवाय कॅमेऱ्याची पिवळी-पांढरी-लाल वायर टीव्हीला जोडली की पाहुण्यांना सोफ्यावर बसवून अख्खी फिल्म दाखवता येते. पाहुण्यांचं मत विचारण्याची पद्धत नव्हती.

पहिली अडचण केबलची. ॲपल तिला फायरवायर म्हणे, सोनी आय-लिंक, आणि कागदोपत्री ती आयईईई १३९४. काका लॅमिंग्टन रोडवर जाऊन तिन्ही नावं खणखणीत सांगत. दुकानदार शांतपणे विचारी, ‘यूएसबी चाहिये क्या?’ मग काका पिशवीतून कॅमेराच बाहेर काढत आणि भोक दाखवत. कॅमेऱ्याकडे चार पिनांचं बारीक तोंड, कॉम्प्युटरच्या कार्डाकडे सहा पिनांचं मोठं. सहा पिनांतल्या दोन विजेच्या, त्यामुळे ते तोंड उलटं कोंबलं तर पोर्ट जळू शकतं. ही माहिती काका गिऱ्हाइकांच्या रांगेलाही देत.

सोसायटीत नुकताच इंजिनिअर झालेला एक मुलगा असतोच. तो येऊन म्हणे, ‘काका, कॅमेऱ्याला यूएसबी आहे की. तीच लावा ना.’ काका चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांतली यूएसबी फोटो घेण्यापुरती, फार तर वेबकॅमसारखं अंधुक चित्र दाखवण्यापुरती. टेपवरचा खरा ऐवज फायरवायरनेच जातो-येतो. ‘शिकवत काय होते रे तुम्हाला चार वर्षं?’ असं विचारून काका त्याला पोहे देत.

डोंबिवलीतला पावसाळ्यातला एखादा रविवार डोळ्यांसमोर आणा. काकांनी सकाळी अंघोळ करून टेबल मोकळं केलंय. समोर लेजरच्या आकाराची वही, तिच्यात ‘तपासणी’ असा मथळा आणि खाली बँकेतल्यासारखे रकाने. कॅमेरा व्हीसीआर मोडवर? टिक. कॅमेरा मोडवर ठेवला तर हँडीकॅम पाचेक मिनिटांत आपला आपण बंद पडतो. बॅटरीऐवजी ॲडाप्टर? टिक. कॅसेटच्या पाठीवरची बारकी पट्टी ‘सेव्ह’कडे सरकलेली नाही ना? टिक. फिल्म डीव्ही-एव्हीआयमध्येच आहे ना, कारण टेपला दुसरं काही चालत नाही? टिक. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, इंटरनेटची फोनलाइन उपटलेली. टिक, टिक, टिक.

आणि मिक्सर बंद. हा रकाना काकांनी स्वतःच्या संशोधनातून घातलेला.

यातला मिक्सर सोडला तर बाकी सगळं शास्त्राला धरून आहे. टेपचं यंत्र कुणासाठी थांबत नाही. पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ चित्रं लागतात, म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीहून थोडा जास्त मजकूर, अखंड. कॉम्प्युटरचं लक्ष क्षणभर जरी दुसरीकडे गेलं तरी फ्रेम गळते आणि मुंजीतला बटू एका उडीत पाटावरून दारात जातो. जुन्या फॅट-३२ डिस्कवर तर आणखी पंचाईत. तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे डीव्हीची जेमतेम १९ मिनिटं. पुतणीच्या लग्नात सप्तपदी पाचव्या पावलावर तुटली, तेव्हा काकांनी डिस्क एनटीएफएस करून घेतली.

‘अहो, चटणी वाटायची आहे,’ काकू आतून.

‘तासभर थांब.’

‘इडल्या गार होतील.’

‘खलबत्ता आहे ना!’

पुढचा अर्धा तास खलबत्त्याचा आवाज येत राहतो, नेहमीपेक्षा जरा मोठा. काका माउस दाबतात. स्क्रीनवर कॅमेऱ्याचं नाव दिसतं, म्हणजे ओळख पटली. फिल्म सुरू होते. कॅमेऱ्यातली टेप मात्र ढिम्म.

इथून काकांचं खरं रूप दिसतं. ते वैतागत नाहीत. वहीत ‘फेटाळले’ असा शेरा मारतात आणि पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरू करतात. केबल बदलून झाली, कार्ड बदलून झालं, विंडोज पुन्हा घालून झालं. दमट हवेने कॅमेऱ्यात ओल धरल्याची खूण आली, तेव्हा कॅसेटचं दार उघडं ठेवून तासभर वाट पाहून झाली. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवून झाली. शंकेला जागा नको म्हणून कॅसेटही एकाच कंपनीच्या. दोन कंपन्यांच्या कॅसेट एका कॅमेऱ्यात वापरणं काकांच्या मते अनाचार. मधल्या काळात न्यू जर्सीच्या भाच्याने आपला कॅमेरा देऊ केला, पण तो अमेरिकेतला, एनटीएससीवाला. तिथे सेकंदाला जवळपास ३० फ्रेम. पालमधली मुंज त्याच्या टेपवर चढेना. ‘तिकडची वीजच ६० हर्ट्झची,’ एवढं म्हणून काकांनी अमेरिका निकालात काढली.

उत्तर शेवटी त्या इंजिनिअर मुलाने आणलं, आणि ते कुठल्याही वायरीत नव्हतं. युरोपच्या जकातीत होतं. तिथल्या सीमाशुल्काच्या नियमांत नुसता कॅमेरा एका वर्गात बसे; बाहेरून आलेलं चित्र टेपवर घेऊ शकणारा कॅमेरा व्हिडिओ रेकॉर्डर ठरे आणि त्यावर जास्त शुल्क पडे. म्हणून कंपन्या युरोपात विकायच्या पुष्कळ कॅमेऱ्यांमध्ये चित्र आत घेण्याची सोय, म्हणजे डीव्ही-इन, कारखान्यातच बंद करून पाठवत. यंत्र तेच, भोकही तेच, फक्त आत जाणारा रस्ता बंद. कॅननने तर काही मॉडेलांच्या जोड्याच काढल्या होत्या. नावाच्या शेवटी बारीक ‘आय’ असेल तर डीव्ही-इन चालू. ‘आय’ नसेल तर बंद, आणि किंमत कमी.

‘म्हणजे काका, तुमचा कॅमेरा स्वस्त पडला ना, तो याच्यामुळेच.’

काका खचले असतील असं कुणालाही वाटेल. उलट ते खुलले. इतके दिवस ज्याला बिघाड समजत होते तो नियम निघाला, आणि नियमापुढे तीस वर्षं नोकरी केलेला माणूस लगेच सैलावतो. त्यांनी वर्गवारी, शुल्क, सवलत हे सगळं दोनदा समजावून घेतलं, ‘बरोबर आहे त्यांचं,’ असा निर्वाळा दिला आणि त्याच रात्री कंपनीला ‘महोदय’पासून सुरू होणारं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. काकांनी प्रत फाइलला लावली.

अशा कॅमेऱ्यांची बंद वाट उघडून देणारी छोटी उपकरणं आणि सर्व्हिस मोडच्या युक्त्या तेव्हा परदेशात मिळत. पण त्याने वॉरंटी जाते. काकांचा जीव वर-खाली होई. मग एका शनिवारी इंजिनिअर मुलगा काहीतरी खिशात घालून आला आणि काका म्हणाले, ‘तू बस, मी चहा टाकतो.’ काकांनी लग्नानंतर प्रथमच चहा टाकला आणि तो व्हायला पाऊण तास लागला. बाहेर आले तेव्हा टेप फिरत होती. ‘मी काही पाहिलेलं नाही,’ असं म्हणून काकांनी वहीत टिक केली.

या माणसाला कुणी हौशी म्हटलं की तो दुखावला जाई. १९९८ मध्ये कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळवणारा ‘फेस्टन’ हा डॅनिश चित्रपट घरगुती सोनी हँडीकॅमवर चित्रित झाला होता, हा दाखला काकांच्या जिभेवर असे. त्या चित्रपटात पान उलटल्यासारखं दृश्य बदलणं, चांदणीतून नवरी उगवणं हे प्रकार नाहीत, एवढं मात्र ते सांगत नसत.

आता ती वाहतूक कुणीच उलटी करत नाही. नव्या लॅपटॉपला फायरवायरचं भोक नसतं. ॲपलने, जिने ते नाव दिलं, २०२५ च्या मॅकओएसमधून त्याचा आधारच काढून टाकला. आणि ज्यांनी काकांची टिंगल केली त्यांच्याच कपाटात मिनीडीव्ही कॅसेटी पडून आहेत: आजीचा आवाज, मुलाचं पहिलं पाऊल, पाडलेल्या वाड्याचं अंगण. त्या वाचायला चालू कॅमेरा हवा, चार पिनांची केबल हवी आणि फायरवायरचं कार्ड असलेला कॉम्प्युटर हवा. तिन्ही वस्तू तिसऱ्या मजल्यावर आहेत. पेंटियम फोर झाकून ठेवलेला आहे, पण चालतो. त्याला आता इंटरनेट नाही, म्हणून व्हायरसही नाही.

तेव्हा आपल्या घरात अशा कॅसेटी असतील तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका. चुंबकीय टेपला बुरशी लागते आणि कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. एक्स्टर्नल हार्डडिस्क घेऊन सरळ काकांकडे जा. तासाच्या टेपला तासच लागतो, त्यामुळे सवड काढून जा. आणि कॅसेट रिवाइंड करून न्या. त्याशिवाय काका हात लावत नाहीत.