मेथीचा हिशेब

शनिवारी सकाळी पुण्याच्या चांदणी चौकातून मुळशीत, पौडकडे वळणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या डिकीत डोकावण्याची संधी मिळाली तर सोडू नये. काळ्या गुळाची ढेप, दोन किलो बेसन, कडुनिंबाची पेंड, बर्फाचा डबा, कॉफीचे यंत्र आणि वाय-फायचा सिग्नल वाढवणारी डबी, सगळे गुण्यागोविंदाने शेजारी शेजारी बसलेले असते. मालक कोथरूडचे, बाणेरचे किंवा थेट पार्ल्याचे. सोमवार ते शुक्रवार ते संगणकात असतात, शनिवारी मातीत. मातीत असताना ते स्वतःला शेतकरी म्हणवतात आणि रविवारी जेवण झाले की चारच्या आत निघतात, कारण पुढे भूगावला ट्रॅफिक लागतो.

महाराष्ट्रात शेतकरी व्हायचे तर आधी शेतकरी असावे लागते. १९४८ च्या कूळ कायद्याचे कलम ६३ तसे सांगते. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे ज्या घराण्यांनी तीन पिढ्या खपून अंगावरचे गाव धुऊन काढले, त्यांचे वंशज आता तलाठी कार्यालयात जुन्या फेरफारांवर बोट फिरवत आजोबांचे नाव शोधताना दिसतात. आजोबा सापडले की आनंदाश्रू येतात. ज्या चुलतभावाला मुंजीचेही बोलावणे नव्हते, त्याला फराळाचा डबा जातो. मग सातबाऱ्यावर नाव चढते, त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडतो आणि पीक पाहणीच्या रकान्यात काय लिहायचे, हे ठरवायला बैठक बसते.

पुढचा टप्पा घराचा. घर मातीचेच हवे. सिमेंट म्हणजे पाप. वास्तुविशारद बाई पुण्यातून येतात, भिंतींना माती, चुना आणि भुसा लावतात आणि सिमेंटच्या घराहून चढे बिल देतात. भिंत जुनी वाटावी म्हणून थोडी ओबडधोबड ठेवण्याचे वेगळे पैसे. यात नवे काही नाही. फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीने १७८३ मध्ये व्हर्सायच्या बागेत स्वतःसाठी खेडे बांधायला घेतले, तेव्हा भिंतींवर खोट्या भेगा रंगवून घेतल्या होत्या. आतमध्ये अर्थातच राजवाड्याचा थाट. खरी शेती पाहायला मात्र एक खरा शेतकरी बाहेरून आणावा लागला.

इकडे त्या शेतकऱ्याला केअरटेकर म्हणतात. समोर असताना ‘दादा’, फोनवर ‘आमचा माणूस’. हे दादा राहतात तिथेच खालच्या अंगाला, घरकुल योजनेतून बांधलेल्या स्लॅबच्या घरात. फरशीला टाइल्स. जुने मातीचे घर त्यांनी पाडले, कारण मुळशीच्या पावसात ते दरवर्षी एका कोपऱ्यातून खचायचे आणि जमीन सारवून वहिनींचे कंबरडे मोडायचे. आता त्याच वहिनी मालकांच्या घराची जमीन सारवायला येतात, रोजंदारीवर. चुलीचेही तेच. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, गॅस घरात आला आणि वहिनींच्या डोळ्यांतले पाणी थांबले. मालकांनी अंगणात चूल मांडली. तिच्यावर भाकरी भाजताना मॅडमचा व्हिडिओ निघतो. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, चौकटीच्या जरा बाहेर, फुंकणी घेऊन वहिनी बसलेल्या असतात.

शेतीचे शास्त्र मात्र अभ्यासलेले असते. नैसर्गिक शेतीवाले अमरावतीचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे जीवामृत आता सोसायटीच्या गच्चीवरही माहीत आहे: एकरी दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. डिकीतल्या गुळाचा उलगडा इथे होतो. देशी गाय हवी म्हणून एक गीर गाय येते, तिचे बारसे होते आणि लगेच तिच्या शेणावरून तिढा पडतो. गोबर गॅसला एक घनमीटर वायूसाठी साधारण पंचवीस किलो शेण लागते. चार-पाच माणसांचा रोजचा स्वयंपाक व्हायचा तर दोन घनमीटर, म्हणजे पन्नास किलो. गाय देते दहा-बारा. त्यातले दहा जीवामृताला द्यावे, जमीन सारवायला ठेवावे की संयंत्रात घालावे? गॅसला दिले तर चहा होतो आणि फार तर वरण. गोठ्यात आणखी चार जनावरे बांधावीत, तर त्यांचा वास थेट शयनगृहात येतो. शेवटी सिलिंडर आणतात आणि त्याच्यावर बांबूची टोपली पालथी घालतात.

कोणी जपानच्या मासानोबु फुकुओकांचे भक्त असतात. काहीही न करण्याची शेती, हे शब्द शनिवारी दुपारी दोन वाजता फारच पटतात. याच फुकुओकांनी सुरुवातीला वडिलांची संत्र्यांची बाग अशीच वाऱ्यावर सोडली होती आणि झाडे मेली, ही कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. ‘काही न करणे’ साधायला त्यांची पुढची कित्येक वर्षे गेली. तेवढा भाग वाचेपर्यंत मालकांना झोप लागलेली असते.

आता विजेचे. मालकांना ग्रिडवर अवलंबून राहायचे नाही, म्हणून छपरावर सौर पॅनेल. एक किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देते. दीड टनी एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. रात्रभर आठ तास चालवला की तीन किलोवॉटचे पॅनेल एकट्या त्याच्या पोटात गेले; गीझर, फ्रिज, बोअरचा पंप अजून रांगेतच आहेत. पावसाळ्यात तर ताम्हिणीच्या अंगाला ऊन दिसले की फोटो काढतात. मग मागच्या शेडमध्ये डिझेलचा जनरेटर येतो. त्याचा आवाज रातकिड्यांना झाकतो, एवढीच तक्रार.

हे जिथे चालते, त्या मातीचा विजेशी जुना संबंध आहे. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतले, तेव्हा १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा इथली. जमीन गेली. आंबेमोहराची खाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिरा इथे पाडून मुंबईचे दिवे लागले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी शहराच्या सुखासाठी इथली भाताची जमीन बुडाली; आणि आता त्या सुखाचा वीट आलेली माणसे उरलेली जमीन विकत घेऊन, समोरच्या तलावाचा ‘व्ह्यू’ किती सुंदर आहे, हे दादांना सांगतात. दादांच्या आजोबांची खाचरे त्या व्ह्यूच्या खाली आहेत. दादा हो म्हणतात.

अशा वेळी अमेरिकेच्या थोरोचे नाव निघतेच. दुर्गाबाई भागवतांनी त्याचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले, त्यामुळे आपल्याकडे तो घरचाच. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, दोन वर्षे दोन महिने दोन दिवस राहिला. जमीन त्याचा मित्र इमर्सनची, आईचे घर चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिच्या हातचे जेवण त्याने सोडले नव्हते. टीकाकार दीडशे वर्षे त्याला यावरून हसत आले आहेत. पण त्या गड्याने एक गोष्ट केली: हिशेब छापला. झोपडीला खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. अडीच एकरांतल्या शेतीवर, बहुतेक घेवडाच, खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट. नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. वर हेही लिहिले, की घेवडा त्याला खायला आवडत नाही, तो देऊन त्याने तांदूळ घेतला. मुळशीच्या शनिवारच्या शेतकऱ्याला एसी, कॉफी, कमोड सगळे माफ आहे. अर्ध्या सेंटपर्यंतचा हा हिशेब तेवढा त्याने मांडू नये आणि आपणही विचारू नये, असा अलिखित करार आहे.

तरी एक आकडा काढून पाहू. कोथरूड ते मुळशीच्या तलावापलीकडचे शेत आणि परत, एकशेदहा किलोमीटर. मोठी गाडी लिटरला अकरा देते, म्हणजे दहा लिटर पेट्रोल. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, एकूण तेवीस किलो. डिकीतून परत काय आले? मेथीच्या चार जुड्या, पाच वांगी आणि एक दुधी, जो गेल्या आठवड्यात काढायला हवा होता.

या मेथीची हकीकत वेगळी आहे. पहिल्या वर्षी मालकांनी स्वतः बी टोकले, स्वतः पाणी घातले, दोन आठवडे कौतुक केले. तिसऱ्या शनिवारी दादा हळूच म्हणाले, “सायेब, ह्ये मेथी नाय, गवात हाय.” मेथी कधीच मुंग्यांनी नेली होती. मॅडमचा चेहरा इतका उतरला, की दादांना राहवले नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी दादा दुचाकीवर पौडला जातात, बाजारातून मुळासकट मेथी आणतात आणि ती वाफ्यात नीट खोचून पाणी मारून ठेवतात. वांगी देठाला दोऱ्याने बांधता येतात, हे त्यांना अनुभवाने कळले. खर्च वहीत ‘खत’ या नावाखाली लिहितात.

शनिवारी मॅडम स्वतःच्या हाताने मेथी उपटतात. मुळांना लागलेली माती हुंगतात. “ही चव मार्केटयार्डात मिळायची नाही,” असे साहेब म्हणतात, आणि दादा मान डोलावतात. पौडच्या भाजीवाल्याचा टेम्पो रोज पहाटे गुलटेकडीच्या मार्केटयार्डातून माल भरतो.