नंबरकाका

नंबरकाकांकडे जेवायला बोलावलं असेल तर खुशाल जा. काकूंच्या हातच्या भरल्या वांग्यांना अख्ख्या पिट्सबर्गात तोड नाही. फक्त पानावर बसल्यावर ‘काय काका, सध्या नवीन काय?’ एवढं विचारू नका. मागच्या दिवाळीत भारतातून नुकत्याच आलेल्या एका पोराने विचारलं. काकांनी त्याच्या हातातली चकली काढून घेतली, त्याला साबणाने हात धुवायला लावले, हातात भिंग दिलं आणि पुढचा तासभर तो १९१७ साली जर्मनीतल्या एर्फुर्टच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या लुगर पिस्तुलाच्या चापावर ‘३७’ हा आकडा शोधत बसला. सापडल्यावर काका म्हणाले, “शाब्बास. आता फायरिंग पिनवर शोध.”

पिस्तुलं जमवणारा माणूस म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर कोणी मिशाळ, गॉगलवाला उभा राहिला असेल तर त्याला आधी खाली बसवा. काका शाकाहारी आहेत, संकष्टी करतात आणि घरात झुरळ निघालं तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडून येतात. पुण्यात राहिले असते तर अडकित्ते जमवून केळकर संग्रहालयाच्या पोटात गोळा आणला असता, कारण तिकडे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल साध्या नागरिकाला बाळगताच येत नाही. पण ते १९७४ साली सांगलीहून पेन्सिल्व्हानियात आले. इथे तीस डॉलर भरले की तीन वर्षांसाठी संग्राहकाचं लायसन मिळतं आणि पन्नास वर्षांहून जुनी पिस्तुलं थेट घरपोच येतात. दारात खोकं दिसलं की काकूंना अजूनही आशा वाटते, मिक्सर असेल.

तर नंबर. लुगरचे सुटे भाग कारखान्यात घासूनपुसून एकमेकांना बसवलेले असत. एकाचा भाग दुसऱ्याला चालेलच अशी खात्री नसे. म्हणून पिस्तुलाच्या सांगाड्यावर पूर्ण नंबर आणि जवळजवळ प्रत्येक बारक्या भागावर त्यातले शेवटचे दोन आकडे ठोकलेले. चापावर, खटक्यावर, पिनवर, एवढंच काय, लाकडी मूठ उघडली तर तिच्या आतल्या अंगालासुद्धा. शंभर वर्षांत पिस्तूल कितीदा उघडलं गेलं, कुठल्या खंदकात कुणाचा भाग कुणाला बसला, कोण जाणे. ज्याचे सगळे आकडे अजून जुळतात त्याची किंमत दुप्पट-तिप्पट. काकांच्या भाषेत, “छत्तीस गुण रे, छत्तीस!” याच काकांनी मुलीचं लग्न ठरवताना आलेल्या पत्रिका ‘असलं मी मानत नाही’ म्हणून न उघडता परत पाठवल्या होत्या.

बरं, हा रोग पिस्तुलांपुरता राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. मराठी मंडळाच्या सहभोजनाला बायका घरून भांडी आणतात, त्यांवर नावं घातलेली असतात. काका वाटी उलटी करून वाचतात. “ही वाटी या ताटाची नाही. ताट ‘चि. सौ. कां. सुनंदास मामांकडून’, वाटीवर वेगळंच नाव.” ताटाच्या मालकीणबाईंना ती वाटी नणंदेकडून परत आलीच नव्हती हे चारचौघांत आठवतं, आणि पुढे जे व्हायचं ते होतं. एका तबलजीला त्यांनी मैफलीच्या मध्यंतरात विचारलं होतं, “तबला आणि डग्गा एकाच कारागिराचे का?” दुसऱ्या भागात त्या माणसाचा हात लागला नाही.

पाहुणे आले की लोक त्यांना पेन हिल्सचं बालाजी मंदिर दाखवतात. काकाही दाखवतात. पण परतीच्या वाटेवर ते गाडी स्विसव्हेलला वळवतात आणि दुकानांच्या एका संकुलाच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना उतरवतात. थंडीत साडीवर कोट चढवलेल्या मावश्या, हातात प्रसादाची पिशवी, समोर ट्रॉल्यांची रांग. “इथे,” काका डांबराकडे बोट दाखवतात, “रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल होती. १९४३ साली तिने पंचावन्न हजार पिस्तुलं काढली. एम १९११ ए १. ब्राउनिंगसाहेबाचं डिझाइन. चाचणीत सहा हजार गोळ्या झाडल्या, एकदा अडकलं नाही!” मावश्या मान डोलावतात. एखादी विचारते, “मग आत काही बघायचंय का?” आत बूट-चपला मिळतात.

युद्धात अमेरिकी सरकारने हे पिस्तूल टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडकडून बनवून घेतलं, आणि शिवणयंत्रवाल्या सिंगरकडूनही. सिंगरने १९४१ साली फक्त पाचशे केली. त्यातलं एखादं आज लिलावात आलं तर लाख डॉलरांच्या पुढे जातं. त्यामुळे भारतात कुणाच्याही माजघरात सिंगरचं मशीन दिसलं की काका त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहतात. घरातल्या आजींना वाटतं, पाहुण्याला शिवणाची आवड आहे.

काकांच्या सासूबाई एकदा अमेरिकेत आल्या होत्या. रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी देवाची भांडी चिंचेने लख्ख केली आणि मग त्यांची नजर तळघराच्या कपाटाकडे गेली. जुन्या लुगरचा चाप आणि खटका पिवळसर असतो. पोलाद तापवून आणलेला तो गवती रंग म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण. सासूबाईंना तो गंज वाटला. चिंचेचा गोळा पिस्तुलापासून वीतभर अंतरावर असताना काका जिन्यावरून आले. जावई सासूवर ओरडत नाही, ही आपली संस्कृती. काका ओरडले नाहीत. नुसते खालच्या पायरीवर बसले आणि काकूंनी पाणी आणेपर्यंत बसूनच होते. तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे. किल्लीवरही नंबर आहे, कुलपावरही. जुळतात.

काकूंची तक्रार वेगळीच. काकांकडे एक रशियन टोकारेव्ह आहे. तिला काका जुनी लष्करी काडतुसं घालतात आणि त्यांच्या बारातून नळीत क्षार साचतो. तेलाने तो जात नाही, उकळतं पाणीच ओतावं लागतं, नाहीतर दोन दिवसांत गंज. हे पाणी कशात उकळायचं यावरून त्या घरात जेवढे वाद झालेत तेवढे मुलीच्या शिक्षणावरूनही झाले नाहीत. चहाच्या पातेल्याच्या दांडीला आता लाल दोरा बांधलेला आहे: हे स्वयंपाकघराचं.

आणि एवढं जपलेलं ते एर्फुर्टचं लुगर काका कधी चालवत नाहीत. चालवलं आणि पिन मोडली तर? “पिन दुसरी मिळेल रे. सदतीस नंबरची कुठून आणू?” म्हणून नेमबाजीच्या मैदानावर न्यायला त्यांच्याकडे दुसरं लुगर आहे. सांगाडा एकाचा, नळी दुसऱ्याची, वरची कोपरासारखी मोडणारी कळ तिसऱ्याची, मूठ प्लॅस्टिकची. संग्राहक त्याला ‘शूटर’ म्हणतात. काका ‘तो शूटर’ असं जरा तुटकच म्हणतात, घरात नुसता पडून असलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं. एकदा मला सोबत नेलं. लुगर रिकामी पुंगळी बाजूला नाही, वर फेकतं. पहिलीच पुंगळी वर गेली आणि गरमागरम माझ्या कॉलरमधून आत उतरली. मी नाचत असताना काका शांतपणे म्हणाले, “बंदूक खाली ठेव, मग नाच.” नंतर त्यांनी स्वतः आठ गोळ्या झाडल्या. आता सत्तरीपलीकडचा हात थरथरतो, आठांतल्या दोन कागदाबाहेर गेल्या. पण शूटर एकदाही अडकला नाही. कधीच अडकत नाही. मी तसं म्हणालो तर काका पुंगळ्या वेचत पुटपुटले, “त्याला काय धाड भरलीय.”

लुगर विकणारा प्रत्येक जण सांगतो की त्याच्या आजोबांनी ते जर्मन जनरलकडून हिसकावलं. दोन महायुद्धांत अमेरिकी सैनिकांनी अशी हजारो लुगर घरी आणली, पण स्वयंपाक्याकडून किंवा कारकुनाकडून हिसकावलेलं एकही कुणाकडे नाही. काका ऐकून घेतात आणि भिंग काढतात. “गोष्टीला पैसे द्यायचे नसतात. पिस्तुलाला द्यायचे.”

याच शिस्तीपायी त्यांनी एकदा मंडळाचं व्याख्यान बुडवलं. वक्ते रंगात आले होते. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद नाट्यगृह, ‘शारदा’चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन, आणि सावरकरांनी लंडनहून पाठवलेलं ब्राउनिंग पिस्तूल हातात घेतलेला अनंत कान्हेरे. सभागृहात कुणाकुणाचे डोळे पाणावले होते. तेवढ्यात मागून हात वर. “पिस्तुलाचा नंबर काय होता?” वक्त्यांना प्रश्न कळेना. “नाही म्हणजे, नंबर कळला तर बेल्जियममध्ये ते कुठल्या साली बनलं हे लावता येईल. नुसतं ब्राउनिंग म्हणून कसं चालेल?” सूत्रसंचालिकेने चहा तयार असल्याचं जाहीर केलं. चहा तयार नव्हता.

परतताना काका माझ्याच गाडीत होते. मी चिडलेला, बोलत नव्हतो. मोनोंगहेला नदीवरच्या पुलावर ते एकदम म्हणाले, “ठाण्याला फाशी दिली तेव्हा कान्हेरे जेमतेम अठराचा होता रे. चार महिन्यांत सगळं आटोपलं.” मग बऱ्याच वेळाने, “आमचा नातू अठराचा आहे. त्याला अजून चादरीची घडी घालता येत नाही.” पूल संपल्यावर त्यांनी काठावरची एक जागा दाखवली. तिथे पोलादाचा कारखाना होता, त्यात ते कामाला होते. ऐंशीच्या दशकात तो बंद पडला, पुढे त्यांनी विमा विकला, मग रात्रीच्या वर्गाला जाऊन कॉम्प्युटर शिकले आणि एका बँकेत लागले. हे सगळं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. लुगरच्या चापावर ते यापेक्षा जास्त वेळ बोलतात.

हल्ली काका प्रत्येक पिस्तुलाबरोबर एक पाकीट ठेवायला लागलेत. आत किती किमतीखाली विकायचं नाही, कुणाला विचारायचं, आणि ठळक अक्षरांत ‘पॉलिश करू नये’. लेक सिअॅटलला असते. तिने स्वच्छ सांगितलंय, बाबा, तुमच्यामागे मी हे सगळं पोलिसांच्या स्वाधीन करणार. काका तिच्यावर रागावत नाहीत. फक्त पाकिटांवरचं अक्षर मोठं होत चाललंय. मलाही दोनदा आडून विचारून झालं. आमच्या घरातून आलेलं उत्तर इथे छापण्याजोगं नाही.

एर्फुर्टच्या त्या लुगरमध्ये एकच उणं आहे. प्रत्येक लष्करी लुगरबरोबर दोन मॅगझिन मिळत, दोन्हींच्या लाकडी बुडावर पिस्तुलाचा पूर्ण नंबर, आणि जादा मॅगझिनवर अधिकचं चिन्ह. काकांकडे त्यातलं एकही नाही. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते शोधतायत. परवा रात्री दोनला फोन आला. मला वाटलं काकूंना काही झालं.

“सापडलं रे! ४६३७!”

“अभिनंदन, काका.”

“थांब. आकडा जुळतो. अक्षर जुळत नाही.”

दहा हजार झाले की नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे आणि पुढे नवं अक्षर लागायचं. म्हणजे हे मॅगझिन दुसऱ्याच कुठल्या तरी ४६३७ चं होतं. आडनाव तेच, गाव वेगळं. लिलाव संपायला सहा मिनिटं राहिली होती आणि काका फोनवर नुसते श्वास घेत होते.

“घेऊन टाका,” मी म्हणालो.

“चारशे डॉलर आहेत.”

“घ्या हो.”

“तू म्हणतोस म्हणून घेतो,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि रविवारी मंडळात सगळ्यांना सांगत होते, “या गृहस्थाला लुगरमधलं ओ की ठो कळत नाही. त्याच्या नादाने चारशे डॉलर घातले मी!” मॅगझिन खिशात होतं. बूड वर करून प्रत्येकाला दाखवत होते.