सुतार वेळेवर येतो त्या गावात

माणसं फार मरतात, या एका कारणासाठी माझं जादूच्या कादंबऱ्यांशी कधी जमलं नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या त्या गाजलेल्या मालिकेचा पहिला खंड मी मोठ्या उमेदीनं हाती घेतला होता. त्यातला नेड स्टार्क मला बघताबघता आवडून गेला. सरळ, मितभाषी, दिल्या शब्दाला जागणारा; आमच्या खात्यात असता तर दर वर्षी बदली ठरलेली. पुस्तक संपायच्या आत त्याचं मुंडकं उडालं. मी खंड मिटला, पाणी प्यायलो आणि ज्याच्याकडून आणला होता त्याला परत देऊन आलो. आयुष्यभर पतसंस्थांची हिशेबतपासणी केलेला माणूस मी. दिवसभर लोकांची बुडीत कर्जं बघून घरी आल्यावर बुडती राज्यं कोण वाचणार?

निवृत्त झालो आणि बुडती राज्यं टीव्हीवर फुकट दिसू लागली. सकाळी चहाबरोबर एक चॅनेल, दुपारी जेवताना दुसरं, रात्री सगळी एकदम. रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली, तेव्हा बेंगळुरूहून मुलीचा फोन आला.

“बाबा, तू ते आधी बंद कर. मी एक पुस्तक पाठवलंय, ते वाच. त्यात काही होत नाही.”

काही होत नाही, ही कादंबरीची शिफारस असू शकते हे मला नवीन होतं. पण पार्सल आलं. ट्रॅव्हिस बाल्ड्री या अमेरिकन लेखकाचं ‘लेजंड्स अँड लाटेज’. नायिका व्हिव्ह ही ओर्क. ओर्क म्हणजे टॉल्किनच्या पुस्तकांत ज्यांची नेमणूकच मरण्यासाठी झालेली असते, ती जमात. अशी ही धिप्पाड बाई वर्षानुवर्षं भाडोत्री तलवार चालवून कंटाळते, थून नावाच्या शहरात येऊन एक पडका तबेला विकत घेते आणि तिथं कॉफीचं दुकान काढते. त्या शहरात कॉफी हा शब्दही कोणी ऐकलेला नाही. बस्स. छपराची दुरुस्ती, बाकं कुठं मांडायची, पाटीवर काय लिहायचं, उद्या गिऱ्हाईक येईल का, याच काळजीत बरंचसं पुस्तक जातं. थिंबल नावाचा एक उंदीरमाणूस येतो, तो बोलत जवळजवळ नाही, पण दालचिनीचे रोल असे करतो की रांग लागते. वस्तीतल्या टोळीकडून हप्त्याची मागणी येते. मी श्वास रोखला. म्हटलं, आता होणार. तर तोडगा निघतो तो असा, की दर आठवड्याला भट्टीतला ताजा माल पोहोचवायचा. उभ्या महाराष्ट्रात हप्त्याची इतकी चविष्ट पद्धत कोणाला सुचली नाही.

हा बाल्ड्री व्यवसायानं ऑडिओबुकांचा वाचक. दुसऱ्यांच्या पुस्तकांना आवाज देणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. एका महिन्यात कादंबरी लिहायची, असा एक उपक्रम दर नोव्हेंबरात चालायचा. त्यात 2021 साली त्यानं ही लिहिली. फेब्रुवारी 2022 मध्ये स्वतःच छापली आणि त्याच वर्षी टॉर या मोठ्या प्रकाशनानं ती उचलली. पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत ती होती. माझा आपला तर्क असा, की इतरांच्या लढाया वर्षानुवर्षं मोठ्यानं वाचून घसा बसला की माणसाला गरम काहीतरी सुचणारच.

मग मी सुटलोच. मुलगी पाठवत गेली, मी वाचत गेलो. टी. जे. क्लून यांचं 2020 सालचं ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ तर मला माझ्यावरच लिहिल्यासारखं वाटलं. त्यातला लायनस बेकर हा सरकारी कर्मचारी, नियमांचं जाडजूड पुस्तक बरोबर घेऊन जादुई मुलांच्या अनाथालयाच्या तपासणीला जातो. तिथल्या मुलांत एक साक्षात सैतानाचा मुलगा आहे, वय वर्षं सहा. लायनस घाबरतो, पण आधी अहवालाचा विचार करतो. या माणसाला मी ओळखतो. दर मार्चमध्ये मी असाच होतो.

‘हॉबिट’ही इतक्या वर्षांनी पुन्हा काढला. 1937 सालचं हे पुस्तक लोक ड्रॅगनसाठी वाचतात. मला या खेपेला त्यात दिसला तो बिल्बो, ज्याच्या घरी तेरा बुटके न सांगता चहाला येऊन बसतात आणि ज्याला पहिली चिंता पडते ती घरातला केक पुरेल का याची. पुढं सगळा प्रवासभर त्याला घरची किटली आठवत राहते. ड्रॅगन वगैरे ठीक आहे. आणि आपल्याकडं तरी निराळं काय? भोपळ्यात बसून जंगल ओलांडणाऱ्या म्हातारीचा मूळ हेतू तपासा. ती राज्य मिळवायला निघालेली नाही, शाप उतरवायलाही नाही. लेकीकडे जाऊन चार दिवस चांगलंचुंगलं खायचं आणि अंगानं भरून परत यायचं, एवढीच तिची मोहीम. वाघाला तिनं दिलेलं कारणही हेच, आणि वाघाला ते पटतं. या सगळ्या ‘कोझी’, म्हणजे उबदार, म्हणवणाऱ्या पुस्तकांतल्या मंडळींची ती आजी शोभेल.

या पुस्तकांत धोका लहान असतो, असं म्हणतात. मला हे पटत नाही. ज्याचं दुकान आहे त्याला गळकं छप्पर हेच बुडतं राज्य असतं; तीस वर्षं पतपेढ्या तपासून एवढं मी छातीठोक सांगू शकतो. फरक असतो तो दुसराच. या गावांत हाती घेतलेलं काम पुरं होतं. ज्याला जे येतं तो ते मन लावून करतो, आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. व्हिव्हला कॅल नावाचा एक सुतार मिळतो. गोदीत नावा बांधणारा, बुटका, ‘हं’च्या पलीकडं फारसं न बोलणारा. तो सांगितल्या वेळी येतो. सांगितलेलं करतो. ओर्क, उंदीरमाणूस, भलंथोरलं मांजर, हे सगळं मी विनातक्रार मान्य केलं होतं. कॅलपाशी आल्यावर मात्र पुस्तक खाली ठेवून कबूल केलं, की ही खरी जादूची कादंबरी.

इथवर थांबलो असतो तर बरं होतं. पण वाचनानं माणसाच्या मनात इच्छा उत्पन्न होतात. ठाण्याच्या आमच्या घरी हॉलची खिडकी पावसाळ्यात छान दिसते. तिच्याखाली बसायला एक बाक, बाकाच्या पोटात ड्रॉवर, दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं, असा वाचनकोपरा करायचा मी बेत केला.

“सोफा आहे की,” बायको म्हणाली.

“सोफ्यावर बसून अशी पुस्तकं वाचता येत नाहीत.”

“मग इतके दिवस कशावर बसून वाचलीत?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी सुताराला फोन केला.

मिस्त्री आले, टेप टाकून माप घेतलं, पाकिटाच्या मागं काहीतरी लिहिलं, “चार दिवसांचं काम, काका” म्हणाले आणि ॲडव्हान्स घेऊन गेले. दोन दिवसांनी प्लायचे तक्ते येऊन हॉलच्या भिंतीला टेकले. मग मिस्त्री लुप्त झाले. फोन लावला की मागून कटरचा आवाज यायचा, म्हणजे गृहस्थ काम करत होते. फक्त माझं नव्हे. “परवा नक्की” हा त्यांचा शब्द. परवा कोणत्या दिवसापासून मोजायचा हे मी ताळेबंदाच्या कोणत्याही नियमात बसवू शकलो नाही. दरम्यान टीव्ही तक्त्यांच्या मागं गेला. त्यामुळं बातम्या आपोआप बंद झाल्या हा नफा. पण बायकोच्या मालिकाही बंद झाल्या, हा तोटा नफ्याला पुरून उरला.

अखेर एकदा ते उगवले तेव्हा त्यांना धरून ठेवायला मी व्हिव्हचा मार्ग पत्करला. दालचिनीचे रोल. मैदा, लोणी, गूळ, दालचिनी, यीस्ट, सगळं आणलं. कृतीत कोमट दूध सांगितलं होतं. मी म्हटलं, गरम असेल तर लवकर फुगेल, आणि उकळी आलेलं दूधच ओतलं. यीस्ट हा सजीव असतो आणि उकळत्या दुधात मरतो, हे मला नंतर समजलं. म्हणजे शांत वाचनाच्या नादात लाखो जीव माझ्याच हातून गेले. मार्टिन यांना उगाच बोललो. रोल भट्टीतून निघाले ते ज्या आकाराचे गेले त्याच आकाराचे. मिस्त्रींनी एक हातात घेऊन वजन पाहिलं, पटाशीच्या मुठीनं वाजवला आणि अदबीनं विचारलं, “काका, वडापाव मागवायचा का?”

वडापाव खाताना त्यांनी सहज विचारलं, “हे एवढं कशासाठी चाललंय?” म्हणून मी गोष्ट सांगायला घेतली. व्हिव्ह, तिची भिंतीवर टांगलेली तलवार, पडका तबेला. माणूस चक्क हातचा वडा विसरला. मी दुकानाची पाटी लागली तिथं थांबलो आणि म्हटलं, पुढचं उद्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला बेल वाजली.

मला तो अरबी गोष्टी सांगणाऱ्या शहराझादचा मंत्र गवसला होता. तिनं मान वाचवली, मला ड्रॉवर मिळणार होते. रोज एक प्रकरण. गिऱ्हाईक येतं की नाही, अशा ठिकाणी तोडायचं. मिस्त्री रोज वेळेवर हजर. अडचण एकच होती. गोष्ट चालू असली की रंधा बंद. कटर सुरू केला तर ऐकू येत नाही, त्यामुळं कटरही बंद. मजुरी रोजावर होती. मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चावर लाल शाई फिरवलेला माणूस, रोज पैसे देऊन एका सुताराला गोष्ट सांगत होतो.

कॅलचं प्रकरण मी मुद्दाम रंगवून सांगितलं. सांगितल्या वेळी येतो, हे वाक्य दोनदा घेतलं. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून थोडा विचार केला.

“काका, तलवार घेऊन एवढी मोठी बाई दारात उभी असेल, तर मीपण वेळेवर आलो असतो.”

स्वयंपाकघरातून बायकोचं हसणं ऐकू आलं. मग तीच बाहेर येऊन बसली. टीव्ही तक्त्यांमागं असल्यानं तिलाही करमत नव्हतंच. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा सनमायकाच्या तुकड्यांवर बसायचा. “त्या बाईनं ॲडव्हान्स किती दिला?” “लाकूड कुठलं वापरलं?” “तबेल्याला वाळवी नव्हती?” असले प्रश्न यायचे. पुस्तकाच्या समीक्षकांनी यातला एकही विचारलेला नाही. वाळवीचं उत्तर मला आजही माहीत नाही.

गोष्ट संपली तेव्हा बाक झाला होता, कपाटं उभी होती, ड्रॉवर आत-बाहेर होत होते. मुठी राहिल्या होत्या. “मुठी परवा आणतो,” म्हणून मिस्त्री गेले ते गेलेच. ड्रॉवर उघडायला बायको उलथनं वापरते. बाकावर मी बसून पाहिलं. बसणं माझ्या उंचीला तोकडं आहे, गुडघे हनुवटीला लागतात. माप पाकिटावर घेतलेलं असल्यानं वाद घालायला कागदही नव्हता. आता मी सोफ्यावरच वाचतो आणि बाकावर इस्त्रीचे कपडे असतात.

परवा त्यांना फोन केला. कटरचा आवाज आला, तशी मी मुठींचं नावच काढलं नाही. म्हटलं, बाल्ड्रीचं 2023 सालचं दुसरं पुस्तक आलंय माझ्याकडं, ‘बुकशॉप्स अँड बोनडस्ट’. व्हिव्ह तरुण आहे, पाय जायबंदी झालाय, समुद्राकाठच्या एका गावात अडकलीय. तिथं एक पुस्तकांचं दुकान आहे, मोडकळीला आलेलं.

कटर थांबला.

“लाकडी आहे?”

“सोमवारी दहाला या,” मी म्हटलं. “मुठी घेऊन.”